हवं तर बाहेर उभं राहा

फिलाडेल्फियाच्या उत्तरेला अ‍ॅबिंग्टन नावाचं गाव आहे. आमच्या घरापासून फार लांब नाही, त्यामुळे काही ना काही कामाने त्या बाजूला जाणं होतंच. तिथल्या हायस्कूलमध्ये २६ नोव्हेंबर १९५६ च्या सकाळी एलरी शेम्प नावाचा सोळा वर्षांचा मुलगा कुराण घेऊन वर्गात बसला.

त्या काळी पेनसिल्व्हेनियात कायदाच होता. १९४९ सालचा. सरकारी शाळेत रोज सकाळी बायबलमधली किमान दहा वचनं, कसलंही भाष्य न करता, वाचली गेली पाहिजेत. अ‍ॅबिंग्टनमध्ये एखादा विद्यार्थी ती ध्वनिक्षेपकावरून वाचायचा आणि ती प्रत्येक वर्गात ऐकू यायची. मग सगळ्यांनी उभं राहून ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ ही प्रार्थना म्हणायची, मग झेंड्याला वंदन, मग दिवसभराच्या सूचना. एलरी त्या वेळात मनातल्या मनात कुराण वाचत राहिला आणि प्रार्थनेला उठला नाही. त्याला मुख्याध्यापकांकडे पाठवण्यात आलं. त्याच दिवशी त्याने अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन या नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेला पत्र लिहिलं आणि सोबत दहा डॉलर जोडले.

एलरी मुसलमान नव्हता. शेम्प कुटुंब ख्रिस्ती धर्मातून निघालेल्या युनिटेरियन या उदारमतवादी पंथाचं होतं, नियमित उपासनेला जाणारं. कुराण त्याने मुद्दाम निवडलं होतं: एका धर्माचं पुस्तक सरकारी शाळेत रोज वाचून घेतलं जातं, तर दुसऱ्या धर्माचं पुस्तक नुसतं उघडलं की काय होतं, हे त्याला दाखवायचं होतं. ते दिसलंच.

खटला १९५८ मध्ये दाखल झाला आणि पाच वर्षं चालला. निकाल लागेपर्यंत एलरी शाळेतून कधीच बाहेर पडला होता आणि वादी म्हणून त्याची धाकटी भावंडं, रॉजर आणि डोना, उरली होती. मध्यंतरी राज्याने कायद्यात एक पळवाट घालून ठेवली. पालकांनी लेखी मागितलं, तर मुलाला बायबलवाचनातून सूट. आता तुम्हाला काय अडचण आहे, असं सरकारी वकिलांचं म्हणणं. आणि इथे एडवर्ड शेम्प या बापाने कोर्टात जी साक्ष दिली, ती मला या सगळ्या प्रकरणाचा गाभा वाटते. तो म्हणाला, मी सूट मागायचा विचार केला होता आणि सोडून दिला. कारण माझी मुलं रोज सकाळी शिक्षकांसमोर आणि सोबत्यांसमोर विचित्र ठरली असती. त्या दिवसांत धर्माबद्दल जरा वेगळं मत असलं, की मुलं त्याला सरळ नास्तिक म्हणत, आणि नास्तिक म्हणजे कम्युनिस्ट, म्हणजे देशाचा शत्रू. शिवाय वाचन, प्रार्थना, झेंडावंदन आणि सूचना हे सगळं एकापाठोपाठ होत असल्यामुळे सूचनाही त्यांच्या कानावर पडल्या नसत्या. आणि मुलांना वर्गाबाहेर व्हरांड्यात उभं राहावं लागलं असतं. तिथे उभं राहणं म्हणजे शिक्षा झालेली असणं, असंच सगळे समजतात.

१७ जून १९६३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक अशा मतांनी शेम्प कुटुंबाच्या बाजूने निकाल दिला. सूट आहे म्हणून सक्ती नाही, हा युक्तिवाद न्यायालयाने मानला नाही. आदल्याच वर्षी न्यूयॉर्क राज्याच्या शिक्षण मंडळाने स्वतः रचलेली बावीस इंग्रजी शब्दांची, कोणत्याच पंथाचं नाव न घेणारी प्रार्थनाही याच न्यायालयाने रद्द ठरवली होती. तिथेही सूट होतीच. तो निकाल लिहिणारे न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक बाप्टिस्ट होते आणि कित्येक वर्षं चर्चच्या रविवारच्या धर्मवर्गात शिकवत असत. त्यांचं म्हणणं साधं होतं: लोकांनी म्हणायच्या प्रार्थना रचणं हे सरकारचं काम नव्हे.

मी शिकले ती शाळा अनुदानित, मराठी माध्यमाची. सकाळी प्रार्थना, नवरात्रात पाटीवर सरस्वती काढून पूजन. आमच्या वर्गात एक मुसलमान मुलगी होती. तिला पूजनातून सूट होती. आमच्या बाई मनाने चांगल्या होत्या, त्यांनी स्वतःच तिला सांगितलं होतं, ‘तुला नको असेल तर थांब हं बाहेर.’ ती पाण्याच्या टाकीपाशी उभी राहायची, आणि आम्ही प्रसादाचे चुरमुरे घेऊन बाहेर आलो की आमच्यात मिसळायची. कोणी तिला काही बोललं नाही. कोणी वाईट नव्हतंच तिथे. एडवर्ड शेम्पची साक्ष वाचताना मला ती टाकी आठवली, आणि तेव्हापासून हा विषय माझ्यासाठी कायद्याचा राहिला नाही.

अमेरिकेतल्या या वादाबद्दल बोलताना लोक अनेकदा तो श्रद्धाळू विरुद्ध नास्तिक असा मांडतात. इतिहास तसा नाही. इथली पहिली मोठी भांडणं ख्रिस्ती लोकांची आपसातलीच होती, आणि तीही याच शहरात. १८४२ मध्ये फिलाडेल्फियाचे कॅथलिक बिशप फ्रान्सिस केनरिक यांनी शाळांच्या नियामक मंडळाला पत्र लिहिलं. शाळेत प्रोटेस्टंटांचं किंग जेम्स बायबल वाचलं जातं. आमच्या मुलांना त्यांचं स्वतःचं बायबल वाचू द्या आणि प्रोटेस्टंट उपासनेतून मोकळं करा. एवढीच मागणी. कॅथलिकांना आपल्या शाळांतून बायबलच हद्दपार करायचं आहे, अशी हाकाटी उठली. १८४४ च्या मे महिन्यात केन्सिंग्टन भागात आयरिश वस्तीवर जमाव चालून गेला, घरं जळाली, सेंट मायकेल आणि सेंट ऑगस्टीन ही दोन चर्च जळाली. जुलैत पुन्हा दंगल झाली आणि रस्त्यावर तोफा डागल्या गेल्या. दोन्ही दंगलींत मिळून वीसहून अधिक माणसं मेली. एकच देव आणि एकच ख्रिस्त मानणाऱ्यांमध्ये, शाळेत कोणत्या भाषांतराचं बायबल वाचायचं यावरून. पुढे कॅथलिकांनी आपल्या वेगळ्या शाळांचं जाळं उभारलं. सेंट ऑगस्टीन पुन्हा बांधलं गेलं, आणि ते अजून उभं आहे.

याच सुमारास मुंबईत काय चाललं होतं? १८४३ मध्ये स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकणाऱ्या नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने ख्रिस्ती धर्म घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपतही मिशनऱ्यांकडे राहायला गेला होता. प्रकरण कोर्टात गेलं आणि अल्पवयीन श्रीपतला बापाच्या ताब्यात देण्यात आलं. त्याला शुद्ध करून परत जातीत घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनी किती विरोध सोसला, हे मराठी वाचकाला सांगायला नको. शाळेत घातलेलं आपलं पोर शाळा आपल्यापासून तोडेल, ही धास्ती आपल्या लोकांनी अनुभवलेली आहे. केन्सिंग्टनमधल्या आयरिश आईची भीती आणि मुंबईतल्या शेषाद्रींच्या वडिलांची भीती यांत मला अंतर दिसत नाही. मिशनची शाळा खाजगी होती, तिथे मुलाला घालणं न घालणं बापाच्या हातात होतं. सरकारी शाळेचं तसं नसतं. तिथे तुमच्याच कराच्या पैशाने आणि कायद्याच्या सक्तीने मूल आणून बसवलेलं असतं.

पेनसिल्व्हेनियातलं आणखी एक गाव, मायनर्सव्हिल. कोळशाच्या खाणींचं. तिथे १९३५ मध्ये यहोवाज विटनेसेस पंथाच्या लिलियन आणि विल्यम या बहीणभावाला झेंड्याला सलाम केला नाही म्हणून शाळेतून काढलं. ती बारा वर्षांची, तो दहा. त्यांच्या पंथात देवाशिवाय कशालाही वंदन करणं पाप. १९४० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी शाळेची बाजू उचलून धरली. त्यानंतर देशभर त्या पंथाच्या लोकांना मारहाण झाली, मेन राज्यात त्यांचं प्रार्थनागृह जाळलं गेलं. तीनच वर्षांत, १४ जून १९४३ ला, ऐन महायुद्ध चालू असताना, त्याच न्यायालयाने आपला निकाल फिरवला. न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांनी लिहिलं, की राजकारण, राष्ट्रभक्ती, धर्म यांत योग्य मत कोणतं, हे कोणताही लहानमोठा अधिकारी ठरवू शकत नाही आणि नागरिकाकडून ते वदवून घेऊ शकत नाही.

हे दोन्ही निकाल पुढे आपल्याकडे पोचले. १९८५ मध्ये केरळात याच पंथाच्या तीन भावंडांना राष्ट्रगीत म्हणत नाहीत म्हणून शाळेने काढून टाकलं. ती मुलं राष्ट्रगीताला आदराने उभी राहात, फक्त गात नसत. ऑगस्ट १९८६ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत शाळेत घ्यायला लावलं. न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांच्या निकालपत्रात मायनर्सव्हिलचा निकाल आहे, तो फिरवणाराही आहे, आणि शेवटी सहिष्णुतेबद्दलची काही वाक्यं आहेत: आपली परंपरा सहिष्णुता शिकवते, आपलं तत्त्वज्ञान तिचा उपदेश करतं, आपली राज्यघटना ती आचरणात आणते, ती पातळ होऊ देऊ नका. ही वाक्यं प्रत्येक शाळेच्या कार्यालयात लावावीत असं मला मनापासून वाटतं.

आता आमच्या गणपतीबद्दल सांगते. इथल्या कितीतरी मराठी मंडळांसारखं आमचंही मंडळ गणेशोत्सव सरकारी शाळेच्या सभागृहात करतं. शनिवारी भाडं भरून हॉल घ्यायचा, व्यासपीठावर मूर्ती बसवायची, अथर्वशीर्ष, आरती, मंत्रपुष्पांजली, मग शाळेच्याच जेवणघरात मसालेभात आणि जिलबी. अशाच एका जेवणात माझ्या शेजारी बसलेले एक ज्येष्ठ काका कळवळून म्हणाले, ‘या लोकांनी शाळेतून देवच काढून टाकला. मुलांवर संस्कार होणार कुठून? कोणती का असेना, सकाळी प्रार्थना हवी.’ मी त्यांना म्हटलं, ‘काका, आपण आत्ता याच शाळेत आरती केली ना?’

ती करता येते यामागेही खटलेच आहेत, आणि ते लढवले होते कट्टर इव्हँजेलिकल ख्रिस्ती संस्थांनी. शाळा सुटल्यानंतर इमारत बाहेरच्या संस्थांना वापरायला देत असाल, तर केवळ धार्मिक म्हणून कोणाला नाही म्हणता येणार नाही, हे १९९३ आणि २००१ मधल्या न्यूयॉर्कच्या दोन प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं. त्यांच्या बायबलवर्गासाठी उघडलेल्या दारातून आमचा गणपती आत येतो. मात्र सोमवारी सकाळी मुलं बाकांवर येऊन बसली, की त्याच इमारतीत शिक्षक ना ख्रिस्ताची प्रार्थना घेऊ शकत, ना गणपतीची. माझी लेक डबा खाण्याआधी स्वतःशी ‘वदनि कवळ घेता’ म्हणू शकते, दप्तरात गीता ठेवू शकते. इतिहासाच्या तासाला हिंदू, इस्लाम, बौद्ध, ज्यू सगळे धर्म शिकते. १९६३ च्या निकालातच न्यायमूर्ती टॉम क्लार्क यांनी लिहून ठेवलं आहे, की धर्मांच्या इतिहासाचा, तुलनेचा अभ्यास केल्याशिवाय शिक्षण पुरं होत नाही. देव शाळेतून काढलेला नाही. तिथल्या अधिकाऱ्याच्या हातातून काढलेला आहे. काकांना हे पूर्ण पटलं असं नाही, पण त्यांनी पुन्हा वाढून घेताना मला शेजारी बसवून सगळं विचारून घेतलं.

नियम आपल्याला सोयीचा आहे म्हणून आवडणं सोपं. तो आपल्याच गोष्टीला आडवा आला तेव्हा काय? तसंही झालेलं आहे. १९७० च्या दशकात न्यू जर्सीतल्या काही हायस्कुलांत महर्षी महेश योगी यांची भावातीत ध्यान पद्धत ऐच्छिक विषय म्हणून शिकवायला सुरुवात झाली. मंत्र मिळण्याआधी विद्यार्थ्याने फुलं, फळं आणि रुमाल आणायचा आणि शिकवणाऱ्याने गुरूंच्या तसबिरीपुढे संस्कृतात पूजा म्हणायची. पालक कोर्टात गेले आणि १९७९ मध्ये फिलाडेल्फियात बसणाऱ्या अपील न्यायालयाने त्यावरची बंदी कायम केली. हा धर्म नाही, हे विज्ञान आहे, असं चालकांचं म्हणणं होतं. मी त्या पूजेचं वर्णन वाचलं आहे आणि मला वाटतं न्यायालय बरोबर होतं. संस्कृतातून, हात जोडून, गुरूला आवाहन करून केलेली पूजा ही पूजाच. ती आपल्याला किती जिव्हाळ्याची आहे यावर ती सरकारी शाळेत चालावी की नाही हे ठरू नये.

कॅलिफोर्नियात एन्सिनिटास इथे मात्र २०१५ मध्ये अपील न्यायालयाने शाळेतल्या योगवर्गाला मान्यता दिली, कारण तिथे श्लोक, मंत्र, देव सगळं काढून नुसता व्यायाम ठेवला होता. पद्मासनाला तर लहान मुलांच्या मांडी घालून बसण्याचं नाव दिलं होतं. अलाबामात १९९३ पासून सरकारी शाळांत योगाला बंदीच होती. २०२१ मध्ये ती उठली, पण आसनांची नावं इंग्रजीतच हवीत आणि ‘नमस्ते’ म्हणायचं नाही या अटीवर. अलाबामाचा कायदा मला अन्यायाचा वाटतो. एका नमस्काराने कोणाचा धर्म बुडत नाही, आणि ज्या राज्यातल्या पुढाऱ्यांना शाळेत बायबल चालतं त्यांना तो अभिवादनाचा शब्द चालू नये, हे दुजाभावाचं आहे.

दुसऱ्या बाजूचं म्हणणं मी हलकं मानत नाही. शेम्प खटल्यात एकटे विरोधात गेलेले न्यायमूर्ती पॉटर स्ट्यूअर्ट म्हणाले होते, की मुलाचा सगळा दिवस शाळेत जातो; तिथून धर्म पूर्ण वगळला, तर ती तटस्थता राहात नाही, निधर्मीपणालाच सरकारचा आशीर्वाद मिळतो. याला वजन आहे. ज्या घरात दिवसाची सुरुवातच देवाच्या नावाने होते, तिथल्या मुलाला शाळेचे सात तास परके वाटू शकतात. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वॉशिंग्टन राज्यातल्या ब्रेमर्टनच्या फुटबॉल प्रशिक्षकाच्या बाजूने निकाल दिला, तो याच भावनेतून. सामना संपल्यावर मैदानाच्या मध्यावर गुडघे टेकून प्रार्थना करणं हा त्याचा खाजगी हक्क, असं सहा न्यायमूर्तींनी ठरवलं. पण त्याच प्रकरणाच्या कागदपत्रांत एका बापाची तक्रार आहे: माझा मुलगा देव मानत नाही, तरी तो प्रशिक्षकासोबत प्रार्थनेला बसला, कारण नाही बसलो तर खेळायला कमी मिळेल अशी त्याला भीती वाटली. संघात कोणाला घ्यायचं हे ज्याच्या हातात आहे, त्याच्या गुडघे टेकण्याला खाजगी कसं म्हणायचं? मला तो निकाल चुकीचा वाटतो, आणि माझ्या मनात तो मुलगा आहे, प्रशिक्षक नाही.

सध्याचं वळण आणखी काळजीचं आहे. लुइझियानाने जून २०२४ मध्ये कायदा केला, की बालवाडीपासून विद्यापीठापर्यंत प्रत्येक सरकारी वर्गात बायबलमधल्या दहा आज्ञांचा, किमान ११ बाय १४ इंचांचा, फलक लागला पाहिजे. पुढच्या वर्षी टेक्सासने तसाच, त्याहून मोठ्या फलकाचा कायदा केला. १९८० मध्येच केंटकीचा असा कायदा सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला होता, तरीही. दोन्ही राज्यांत पालक कोर्टात गेले आहेत. त्यांत ख्रिस्ती पाद्री आहेत, ज्यू आहेत, आणि टेक्सासमध्ये हिंदू कुटुंबंही आहेत. ‘माझ्याखेरीज तुला दुसरे देव नसावेत’ आणि ‘आपल्यासाठी मूर्ती करू नकोस’ ही वाक्यं बालवाडीतल्या हिंदू पोराने रोज फळ्याशेजारी वाचायची, आणि घरी येऊन देवघरातल्या बाळकृष्णाला काय म्हणायचं? इथे तर सूटही नाही. भिंतीपासून बाहेर उभं राहण्याची सोय नसते.

आपल्या राज्यघटनेचं २८ वं कलम याबाबत स्पष्ट आहे. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण द्यायचं नाही. आणि जी संस्था सरकारमान्य आहे किंवा अनुदान घेते, तिथे कोणालाही, त्याच्या किंवा तो अल्पवयीन असेल तर त्याच्या पालकाच्या संमतीशिवाय, धार्मिक उपासनेला हजर राहायला लावता येणार नाही. नीट पाहिलं, तर आपल्या घटनाकारांनी ओझं मुलावर टाकलेलंच नाही. मुलाने सूट मागायची नाही, शाळेने आधी संमती मागायची. २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने याच कलमाचा आधार घेऊन नाशिकच्या एका शाळेतल्या शिक्षकाला न्याय दिला. प्रार्थनेच्या वेळी ते उभे राहात, पण हात जोडत नसत. एवढ्यावरून त्यांची वरिष्ठ वेतनश्रेणी अडवली गेली होती.

माझी एक शाळासोबती आज सातारा जिल्ह्यातल्या अनुदानित शाळेत शिकवते. हे सगळं मी तिला फोनवर सांगितलं, तेव्हा तिने सरळ विचारलं, ‘मग आम्ही सरस्वतीपूजन बंद करायचं का? गावाला ते हवंय.’ मी म्हटलं, गावाला हवं असेल तर शाळा सुटल्यावर करा, देवळात करा, ज्यांना यायचं ते येतील. तिला ते पटलं नाही. ती म्हणाली, सुटल्यावर पोरं एसटी पकडायला पळतात. मग तिनेच दुसरा मार्ग काढला. जूनमध्ये प्रवेशाच्या कागदांबरोबर पालकांना संमतीपत्रक द्यायचं, आणि एका जरी पालकाने ‘नाही’ असं लिहिलं, तर त्या वर्षी पूजन शाळेच्या वेळेत घ्यायचंच नाही. पत्रक कोणी भरलं हे मुलांना कळू द्यायचं नाही. तिने शिक्षकांच्या बैठकीत हे मांडलं. संस्थेच्या पदाधिकाऱ्यांनी विषय पुढच्या बैठकीवर ढकलला आहे आणि ती तो पुन्हा मांडणार आहे. केरळच्या आणि नाशिकच्या निकालांच्या प्रती मी तिला पाठवल्या आहेत. दोन्ही इंग्रजीत आहेत, केरळच्या निकालातले महत्त्वाचे परिच्छेद सध्या मी मराठीत करते आहे.